सरांच्या नावावर राहिलेला लेख

सरांविषयी मी लिहावं का, हे मी बरेच दिवस स्वतःला विचारत होतो आणि दर वेळी उत्तर 'नाही' असंच येत होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. अर्ज, उत्तरपत्रिका आणि प्रयोगवह्या यांपलीकडे मी फारसं लिहिलेलं नाही. एकदाच एक लेख लिहिला, तो छापूनही आला, आणि त्याच लेखाने सरांचं नुकसान केलं. असा माणूस पुन्हा सरांवरच लिहायला बसतो, याला धीटपणा म्हणायचं की निलाजरेपणा, मला ठरवता येत नाही. ज्यांनी त्यांना माझ्याहून जास्त ओळखलं आहे त्यांनी सांभाळून घ्यावं.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. पुढे लपवल्यासारखं व्हायला नको. सर तीस-बत्तीस वर्षं शिकवून, ज्या पदावर लागले जवळजवळ त्याच पदावरून निवृत्त झाले. बढतीची शेवटची संधी माझ्यामुळे गेली. आणि ज्या लेखामुळे ती गेली तो चुकीचा लेख सरांच्या नावाने इंटरनेटवर तसाच राहिला. सरांची बढती मला परत आणता येणार नव्हती. तो लेख मागे घ्यायला लावणं, एवढंच माझ्या हातात होतं.

सर आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायचे. आमचं कॉलेज मुरबाडच्या बाजूला. सर राहायला आसनगावला, मी किन्हवलीजवळच्या एका गावचा. त्यांची एसटी आमच्या फाट्यावर यायची तेव्हा मी चढायचो, आणि सर मागच्या लांब बाकावर बसलेले असायचे. पुढे जागा असली तरी मागेच. कारण त्यांच्याबरोबर एक लाकडी चौकट असायची, अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद. जमिनीवर टाकायची आणि आतलं प्रत्येक रोपटं मोजायचं, अशासाठी. ही चौकट ते पावसात, उन्हात, सुट्टीतसुद्धा बरोबर बाळगायचे. एक कंडक्टर त्यांना रोज छेडायचा.

"सर, खिडकी घेऊन कुठं निघालाव? आमच्या गाडीला नायत का खिडक्या?"

"आहेत हो. पण तुमच्या खिडकीतून जे दिसतं ते मोजायच्या आत मागे पळतं."

"मंग अर्धा तिकीट काढा तिचा."

सर खरंच पाकीट काढायचे आणि कंडक्टर हात जोडायचा.

सर सगळ्यांना अहो-जाहो करायचे. पहिल्या दिवशी ते मला म्हणाले, "अहो, तुम्ही जरा पुढे या," तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं. मला तोवर कोणी अहो म्हटलं नव्हतं. घरी सांगितलं तर आई हसून हसून बेजार झाली. "तुला? अहो? आंधळं हायत का तुजं सर?"

त्यांच्या प्रत्येक वहीत तीन रकाने असायचे. ऐकलं, पाहिलं, मोजलं. आमच्याही वह्यांत असावेत असा आग्रह. एखाद्याने ऐकलेली गोष्ट पाहिल्याच्या रकान्यात लिहिली की सर वही मिटून परत द्यायचे. रागावायचे नाहीत. "तुमच्या वाक्याचं घर चुकलंय, दुरुस्त करा," एवढंच म्हणायचे.

पण सर ज्यासाठी कॉलेजभर प्रसिद्ध होते, किंवा बदनाम होते, ती गोष्ट वेगळीच होती. आम्हा मुलांचा प्रकल्प असो की त्यांचं स्वतःचं काम, ज्या गावात माहिती गोळा केली त्या गावात जाऊन ते आधी मोठ्याने वाचून दाखवायचं. सगळं, पहिल्या ओळीपासून. मराठीत. ज्यांच्या शेतात मोजलं, ज्यांनी सांगितलं, ती माणसं समोर बसणार. सर लाल पेन त्यांच्यातल्या कोणाच्या तरी हातात देणार. पटलं नाही ते त्यांनी खोडायचं. लिहिता येत नसेल तर फुली मारायची. फुली असलेलं पान घेऊन परत कामाला लागायचं, आणि पुन्हा वाचन. "पहिले परीक्षक हे," सर म्हणायचे. "विद्यापीठ दुसरं."

माझ्या वर्गातल्या एका मुलीने राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडण्यावर प्रकल्प केला होता. राब म्हणजे भाताचं बी पेरायच्या आधी वाफ्यावर शेण, पाला, फांद्या पसरून जाळतात ते. आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही हे माहीत असतं. मुरबाडहून पुढे धसईजवळच्या एका पाड्यावर, देवळाच्या ओट्यावर, ती वाचत होती. लोक अख्खं झाड छाटतात म्हणून ऐन कमी होतोय, असं तिने लिहिलं होतं. एक म्हातारे बाबा मध्येच उठले.

"बाय, शेंडा कुनी तोडीत नाय. शेंडा राखतान, तवा झाड पुन्ना फुटते. तू कंचा झाड बघलास?"

"पुस्तकात होतं, बाबा."

"मंग पुस्तकाला सांग," बाबा म्हणाले आणि पानभर फुली मारली.

ती मुलगी परतीच्या एसटीत रडली. परीक्षा तोंडावर आली होती. तिचा आणि आणखी दोघांचा प्रकल्प वेळेत पुरा झाला नाही आणि गुण गेले. सर हलले नाहीत. त्यांच्या या हट्टाचा त्रास त्यांच्यापेक्षा कधी कधी आम्हालाच जास्त व्हायचा, हे मला लिहायला हवं. नाहीतर मी त्यांचा देव करीन, आणि ते त्यांना आवडणार नाही.

आता कॉलेजच्या बाजूचं सांगतो. प्राध्यापकांना दर वर्षी एक फॉर्म भरावा लागतो. किती पेपर छापले, ते मान्य यादीतल्या नियतकालिकांत होते का, त्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे वजन, किती, किती परिषदांना गेलात. प्रत्येकाला गुण. गुण भरले तर बढती. कॉलेजलाही अशीच श्रेणी मिळते, तिच्यासाठी बाहेरून समिती येते. केमिस्ट्रीचे सर यात तरबेज होते. मनाने चांगले, सरांविषयी त्यांना कळवळा होता.

"सर, एका कामाचे तीन पेपर करायचे असतात. बटाटा एकच, पण भाजी करा, भजी करा, वडा करा."

"खाणाऱ्याच्या पोटात बटाटाच जाणार ना?" सर विचारायचे.

"इथे खातंय कोण? इथे पानात किती पदार्थ ते मोजतात."

एका वर्षी फॉर्ममध्ये नवा रकाना आला. आपल्या संशोधनाचा समाजावर काय परिणाम झाला ते शंभर शब्दांत लिहा, सोबत पुरावा जोडा. सरांनी लिहिलं, 'अजून माहीत नाही.' प्राचार्यांनी त्यांना बोलावलं. मी तेव्हा ऑफिसात टायपिंगला मदत करायचो म्हणून हे ऐकलं.

"सर, असं लिहून कसं चालेल? या रकान्याला गुण आहेत."

"खरं तेच लिहिलंय, साहेब."

"अहो, खऱ्याला रकाना नाही!"

प्राचार्य वाईट नव्हते. श्रेणी घसरली तर विज्ञान शाखा बंद पडेल, मग ही मुलं कुठे जातील, ही चिंता त्यांना खरोखर होती. समिती येणार म्हणून त्यांनी शहापूरच्या एका नर्सरीतून भाड्याने कुंड्या आणल्या, झाडांच्या बुंध्यांना गेरू लावला, आणि आम्हाला उत्तरं पाठ करायला दिली. मीही पाठ केली. समितीतल्या एका बाईंनी मला विचारलं, "तुमच्या कॉलेजात तुम्हाला काय आवडतं?" मी पाठ केलेलं घडाघडा म्हटलं. आपल्याला खरंच काय आवडतं हे सांगायचं राहून गेलं, असं दुसऱ्या दिवशी, कुंड्या टेम्पोत चढवताना माझ्या लक्षात आलं.

हे वाचून कोणाला वाटेल की सरांना बढतीची पर्वा नव्हती. तसं नव्हतं. एकदा फाट्यावर एसटीची वाट बघताना ते स्वतःहून म्हणाले, "मला हवी आहे बढती, बरं का. मी संन्यासी नाही." आणि पुढे, "बढती मिळाली की मार्गदर्शक म्हणून मान्यता मागता येईल. आपल्या कॉलेजात संशोधन केंद्र निघेल. इथल्या मुलांना राबावर पीएच.डी. करायला मुंबई गाठावी लागते, आणि तिथे गेल्यावर राब कुठला?" निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मुलाखतीची ही शेवटचीच वेळ. आणि गुणांमध्ये एक पेपर कमी पडत होता.

त्याच पावसाळ्यात मी आणि सर त्या धसईजवळच्या पाड्यावर राबाच्या वाफ्यांत तण मोजत होतो. काही वाफे राब भाजलेले, काही न भाजलेले. चौकट टाकायची, आत किती तण ते मोजायचं. राब भाजलेल्या वाफ्यांत तण जवळजवळ नव्हतंच. न भाजलेल्या वाफ्यांत खच्चून होतं. मी आनंदून गेलो. एवढा स्वच्छ फरक मी पुस्तकातही पाहिला नव्हता. दिवाळीनंतर मी मसुदा लिहिला, सरांनी तपासला, इंग्रजीही त्यांनीच नीट केलं. आता फक्त वाचन राहिलं होतं. ते भाताची झोडणी आटोपल्यावर व्हायचं होतं.

मध्येच प्राचार्यांनी मला बोलावलं.

"तो मसुदा तयार आहे म्हणे?"

"हो साहेब. वाचन झालं की सर पाठवतील."

"वाचन होईल, मग सर दुरुस्त करतील, मग परत वाचन होईल. तोवर मुलाखत होऊन जाईल." त्यांनी चष्मा काढला. "मी तुम्हाला काही करायला सांगत नाही. सरांचा ईमेल तुम्हीच बघता, एवढं मला माहीत आहे. एक नियतकालिक आहे, यादीतलं. लवकर छापतात. कॉलेज त्यांची फी भरेल. तुम्हाला सरांचं भलं व्हावं असं वाटतं ना?"

वाटत होतं. त्याहून जास्त कशाचीच मला इच्छा नव्हती. सरांना ईमेलचा कंटाळा होता, पासवर्ड त्यांनी माझ्या वहीतच लिहून दिला होता. मी त्यांच्या नावाने आणि त्यांच्या नावाखाली माझं नाव घालून तो मसुदा पाठवला. वाचन तर होणारच आहे, पाड्यावरच्या बायका तणाच्या आकड्यांत काय चूक काढणार, असं मी मनाशी म्हटलं. हे वाक्य मला आजही लाजवतं.

सहा दिवसांत उत्तर आलं. 'उच्च दर्जाचे व प्रभावी संशोधन.' त्यांनी एक स्वल्पविरामही बदलला नव्हता. आठवड्याभरात लेख इंटरनेटवर आला, प्राचार्यांनी तो फाईलला लावला, आणि सरांना म्हणाले, "फाईल पूर्ण झाली, मुलाखतीच्या तयारीला लागा." सरांना वाटलं, कुठल्या तरी जुन्या कामाला गुण मिळाले, म्हणून त्यांनी दुसरं काही पाठवायची खटपट केली नाही. वाचन झालं की सांगू, म्हणून मी गप्प राहिलो.

वाचन मुलाखतीच्या चार दिवस आधी झालं. देवळाच्या ओट्यावर वीसेक माणसं होती. लाल पेन चांगुणाआजींकडे. ज्यांच्या वाफ्यांत आम्ही मोजलं त्या घरातल्या सगळ्यात मोठ्या बाई. मी वाचत होतो आणि बायका एकमेकींना कोपरं मारत हसत होत्या. मला वाटलं, माझ्या वाचण्याला हसतायत.

"थांब रे," आजी म्हणाल्या. "कंचा वाफा म्हनलास?"

"रस्त्याच्या कडेचा, आजी. आंब्याजवळचा. राब भाजलेला."

"त्यात तन नव्हता?"

"नव्हतं. म्हणून तर राबाचा फायदा दिसतो."

"राबाचा कसला फायदा! आदल्या दिशी आमी चौघींनी बसून बेनला त्यो. कालेजची मानसा येनार, ती चौकट मांडनार, फोटू काढनार, न वाफ्यात ह्यो तन? शोभल का? म्हनतील, ह्या बायका झोपा काढतान."

"न वरचा नाय बेनला," दुसरी एक म्हणाली. "तिकडं चिखलात कशाला येतील म्हनून. तर आलाव तुमी तिथंबी!"

ओटा हशाने हादरला. राब भाजलेले वाफे रस्त्याकडेचे, पाहुण्यांच्या नजरेत येणारे. न भाजलेले वरच्या अंगाला. आम्ही राबाचा परिणाम मोजलाच नव्हता. बायकांनी पाहुण्यांसाठी केलेली बेणणी, तण उपटून केलेली साफसफाई, मोजली होती.

सर सगळ्यांत जास्त हसत होते. चष्मा काढून डोळे पुसत होते. "आजी, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलाव कुठं? तुमी मोजीत व्हताव."

सरांचं हसू थांबलं. त्यांनी मान डोलावली, दोनदा. आजींनी शेवटच्या तिन्ही पानांवर फुल्या मारल्या. मी हातातले कागद धरून उभा होतो.

धसईच्या स्टँडवर एसटीला वेळ होता. बाकाशेजारी भाजीच्या गोण्या रचलेल्या होत्या. सर खुशीत होते, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कसं मोजायचं ते बोलत होते. मी म्हणालो, "सर, तो लेख छापून आलाय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मी सगळं सांगितलं, एका दमात. प्राचार्यांचं, पासवर्डचं, फाईलचं.

एक एसटी आली, गेली. ती आमची होती.

"समितीसाठी साहेबांनी कुंड्या आणल्या," ते शेवटी म्हणाले. "आजींनी वाफा बेणला. तुम्ही माझी फाईल बेणलीत. कोणी मोजायला येणार म्हटलं की सगळ्यांचे हात चालतात. फक्त आजींना ते लपवावंसं वाटलं नाही."

"सर, माझं चुकलं."

"चुकलं. माझंही चुकलं. पासवर्ड तुमच्या गळ्यात मारला हा माझा आळस. आणि वाफा कोणी बेणला का, हे विचारायचं मला तीस वर्षांच्या अनुभवानंतरही सुचलं नाही." मग म्हणाले, "रडू नका हो. उद्या सकाळी साहेबांकडे जाऊ. दोघं."

प्राचार्यांच्या केबिनमध्ये सर उभ्यानेच बोलले. पेपर फाईलमधून काढा म्हणाले.

"सर, तीन दिवसांवर मुलाखत आहे. एक पेपर! कोण वाचणार आहे तो?"

"कोणी वाचणार नसेल तर लावता कशाला? आणि कोणी वाचणार असेल तर काढायलाच हवा."

"तुमची शेवटची संधी आहे. संशोधन केंद्राचं काय? तुम्हीच म्हणता ना, या मुलांसाठी?"

हा घाव बरोबर बसला होता, मला दिसत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते हो म्हणतील, आणि खोटं कशाला बोलू, त्यांनी हो म्हणावं असंच मला वाटत होतं.

"खोटी मोजणी लावून केंद्र काढलं," सर सावकाश म्हणाले, "तर पहिल्या दिवशी त्या मुलांना मी शिकवू काय?"

त्यांनी स्वतःच फाईलची दोरी सोडली, लेख काढला, दोरी पुन्हा बांधली. गाठ त्यांना नीट येत नव्हती. ती प्राचार्यांनी मारून दिली.

मुलाखत झाली. मी दाराबाहेर बसलो होतो. सर बाहेर आले आणि घड्याळ बघून म्हणाले, "चला, दुपारचं प्रॅक्टिकल आहे." गुण कमी पडले, एवढंच नंतर कळलं. त्या दिवशी त्यांनी शेवाळाचं प्रॅक्टिकल घेतलं आणि नेहमीसारखीच दोघांची वही मिटून परत दिली.

लेख मागे घ्या, असं त्यांनी नियतकालिकाला त्याच संध्याकाळी माझ्याकडून कळवलं. शेवटी स्वतःची सही केलेलं पत्र स्कॅन करून जोडलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या पत्राला आलं. लेख मागे घेतल्याने आमच्या नियतकालिकाचा दर्जा खालावतो, सबब शक्य नाही. तिसऱ्या, चौथ्या पत्रानंतर ते नरमले आणि सूचनेचा मजकूर मंजुरीसाठी पाठवला. 'स्थानिक माहितीदारांनी दिलेल्या सदोष माहितीमुळे हा लेख मागे घेण्यात येत आहे.' आपण होकार दिल्यास आठ दिवसांत कार्यवाही होईल.

मी सुटकेचा श्वास टाकला. सरांना मोबाइलवर वाचून दाखवलं आणि म्हणालो, "सर, हो म्हणून टाकू?"

"नाही."

"सर, निदान निघेल तरी. तुमच्या नावावर..."

"माझ्या नावावर राहू दे. आजींच्या नावावर नको." त्यांचा आवाज एरवीपेक्षा वर गेला होता. "त्यांनी सदोष माहिती दिली? त्यांनीच तर चूक दाखवली. लिहा त्यांना. चूक लेखकांची आहे. आम्ही विचारलं नाही. तसंच छापा, नाहीतर राहू द्या."

नियतकालिकाने राहू दिलं.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा पाड्यावर गेलो. बढतीचा आता प्रश्न नव्हता, निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं, तरी सर चौकट घेऊन लांब बाकावर बसलेले. या वेळी वाफे बेणू नका म्हणून सांगितलं, तर आजी चिडल्या.

"पाहुनं येनार न वाफा असा ठेवाचा? येनारी-जानारी काय म्हनतील? चांगुणाच्या सुना आळशी!"

तास गेला तरी त्या ऐकेनात. शेवटी सरांनी पत्र्याचे चार तुकडे आणवले, रंगाने स्वतः लिहिलं, 'हा वाफा कॉलेजच्या विनंतीवरून बेणलेला नाही,' आणि प्रत्येक वाफ्याशी काठीला बांधून रोवले. आजींना वाचता येत नव्हतं. नातीकडून दोनदा वाचून घेतलं, मग परवानगी दिली. तो रस्ता धरून जाणारा प्रत्येक माणूस थांबून पाटी वाचायचा आणि हसायचा. सरांना त्याचं काही नव्हतं. ते भर पावसात गुडघे टेकून मोजत होते, आणि मोजायच्या आधी विचारत होते.

राबाचा फायदा दिसला. आम्ही छापला होता तेवढा मुळीच नाही, पण होता. तो नवा लेख वाचनात फुलीशिवाय पास झाला, आणि मग दोन चांगल्या नियतकालिकांनी तो परत पाठवला. एकाने विचारलेले प्रश्न इतके बारीक होते की सर खूश झाले. "बघा, हा माणूस वाचतो," ते म्हणाले आणि उत्तरं लिहायला बसले. निवृत्तीच्या समारंभात प्राचार्यांनी त्यांच्या सचोटीवर भाषण केलं. खरंच मनापासून केलं. ज्या यादीसाठी एवढं झालं ती यादीही पुढे बदलली, असं केमिस्ट्रीच्या सरांनी सांगितलं.

मी आता मुंबईला एम.एस्सी. करतो. दर महिन्याच्या एक तारखेला त्या नियतकालिकाला पत्र लिहायचं, असं मी सरांच्या निवृत्तीच्या दिवशी ठरवलं. सरांना सांगितलं नाही. मजकूर तोच. चूक लेखकांची आहे, तसं छापून लेख मागे घ्या. होस्टेलमधला मित्र म्हणाला, "वेडा आहेस. पुढच्या प्रवेशाला पेपरचे गुण असतात, आणि तू स्वतःचा एकुलता एक पेपर काढायला निघालास?" त्याचं म्हणणं चूक नव्हतं. संशोधनाच्या प्रवेशाचा फॉर्म मी भरला तेव्हा तो लेख इंटरनेटवर होताच, पाहिजे तर दाखवता आला असता. प्रकाशित लेखांच्या रकान्यात मी शून्य लिहिलं. पेन थोडा वेळ थांबलं होतं, हेही खरं.

सतरावं पत्र गेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी, गेल्या मंगळवारी, दुपारी मेसमध्ये जेवत असताना मेल आला. दोनच ओळी होत्या. मी ताट तसंच ठेवून बाहेर आलो आणि सरांना फोन लावला.

"सर, लेख मागे घेतला त्यांनी."

"कारण दिलंय?"

"हो सर. मोजणीतली चूक."

"कोणाची, ते लिहिलंय?"

"लेखकांची. आपली दोघांची नावं आहेत."

"आणखी कोणाचं?"

"कोणाचंच नाही, सर."

"बरोबर छापलंय," सर म्हणाले.